सरकारी जलाशय, खासगी काठ : पवना धरणाचे प्रकरण

पुण्या-मुंबईहून शनिवारी पवना धरणावर गेलेल्या माणसाला पाण्याच्या कडेला बसायचे असेल, तर बहुतेक ठिकाणी आधी कुणाच्या तरी फाटकातून आत शिरावे लागते आणि फाटकावर पैसे मोजावे लागतात. धरण सरकारचे, पाणी सरकारचे, पाण्याखालची जमीन सरकारची. पैसे मात्र सरकारच्या तिजोरीत जात नाहीत, आणि घेणारा बेकायदा वागतोय असेही दर वेळी म्हणता येत नाही, कारण फाटकापर्यंतची जमीन खरोखरच त्याची असते. फाटकापासून पाण्यापर्यंतच्या पट्ट्याचे काय, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

खडकवासला, पानशेत, भंडारदरा, वैतरणा, कुठल्याही धरणाच्या काठी हे थोडेफार दिसते. पवनेला ते एकाच ठिकाणी ठसठशीत दिसते म्हणून हे प्रकरण घेतले.

धरण मावळ तालुक्यात, पवना नदीवर. मातीचे धरण, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पुरे झाले. उपयुक्त साठा साधारण साडेआठ टीएमसी, म्हणजे साडेआठ अब्ज घनफूट. पिंपरी-चिंचवड शहर मुख्यत्वे याच पाण्यावर जगते. धरणातून पाणी नदीत सोडायचे आणि खाली रावेतच्या बंधाऱ्यावर उचलायचे, अशी रीत. जलाशयाभोवती तिकोना, तुंग, लोहगड, विसापूर हे किल्ले. लोणावळ्याकडून आलात तर दुधिवरे खिंडीतून उतरायचे, कामशेतवरून आलात तर थेट पवनानगर. जुनी माणसे पवनानगरला अजून काळे कॉलनीच म्हणतात. काठाला ठाकूरसाई, गेव्हंडे, आंबेगाव, ब्राह्मणोली, फांगणे, शिंदगाव अशी गावे. तंबूंच्या जाहिरातींत यातल्या बऱ्याच गावांची नावे गळून पडली आहेत. सगळ्याला मिळून ‘पवना लेक’.

हलणारी रेषा

धरण काठोकाठ भरले की पाणी ज्या उंचीला टेकते ती पूर्ण संचय पातळी. भूसंपादन या पातळीच्या हिशेबाने, वर थोडी जास्तीची जागा धरून होते. कागदावर ही रेषा पक्की असते. जमिनीवर मात्र पाणी तिच्याशी वर्षातून काही आठवडेच गाठ घालते. ऑगस्ट-सप्टेंबरात जलाशय भरतो, दिवाळीनंतर पाणी उतरू लागते आणि जूनपर्यंत उतरतच राहते. उतार जिथे सौम्य आहे तिथे काठ शेकडो फूट मागे सरकतो. उन्हाळ्याच्या शेवटी जलाशयात बुडालेले वाघेश्वराचे हेमाडपंती धाटणीचे देऊळ उघडे पडते आणि लोक चालत दर्शनाला जातात.

तंबूही पाण्याबरोबर चालतात. पाण्याच्या कडेला तंबू हीच तर जाहिरात असते. गिऱ्हाइकाला सकाळी चेन उघडली की समोर पाणी दिसले पाहिजे. ऑक्टोबरात तंबूवाला स्वतःच्या किंवा भाड्याने घेतलेल्या शेतात असतो. जानेवारीत तो खाली उतरतो. एप्रिलमध्ये त्याचे तंबू अशा जागी असतात जिथे सहा महिन्यांपूर्वी पुरुषभर पाणी होते, म्हणजे निःसंशय सरकारी जमिनीवर. धंदा तोच, माणूस तोच, दरही तेच. कायद्याच्या नजरेतली त्याची जागा मात्र हंगामाबरोबर बदलत जाते, आणि तो बदल नेमका कुठल्या आठवड्यात झाला हे विचारायला कुणी येत नाही.

कुंपणाचेही तसेच. पावसाळ्यानंतर तारेचे शेवटचे दोन-तीन खांब पाण्यात उभे दिसतात. पाणी मागे सरले की खांबांपुढे बांबू रोवले जातात, त्यांना हिरवी शेडनेट बांधली जाते आणि शेजारच्या बंगल्याचा पाहुणा इकडे येऊ नये, इकडचा तिकडे जाऊ नये, याची सोय होते. मग काठाकाठाने चालत जाणाऱ्याला दर थोड्या अंतरावर आडवी जाळी लागते. कुणी हटकलेच तर ‘खासगी जागा आहे’ हे उत्तर तयार. वरच्या बाजूला ते खरे असते. खाली पाण्याशी ते खरे नसते, पण तिथे हद्दीचा दगड शोधून दाखवणार कोण?

या उघड्या पडणाऱ्या जमिनीचा विचार सरकारने कधी केलाच नाही असे नाही. पाटबंधारे खात्याकडे गाळपेराची जुनी पद्धत आहे. पाणी उतरले की गाळाची जमीन एका हंगामापुरती कसायला द्यायची, आणि देताना धरणात जमीन गेलेल्यांना आधी विचारायचे. राज्यातल्या अनेक जलाशयांच्या पोटात उन्हाळ्यात कलिंगडे आणि काकड्या पिकतात त्या याच जमिनीवर. मासे धरायचे तर त्याचीही रीत आहे: मत्स्यव्यवसाय खाते ठेका देते आणि मच्छीमार सहकारी संस्था तो घेतात. शहराला पाणी द्यायचे तर करार होतो, शेतीला द्यायचे तर पाळी लागते. म्हणजे जलाशयाकडे हात पसरणाऱ्या प्रत्येकासाठी सरकारी दप्तरात एक रकाना आहे. नुसता येऊन काठावर बसणाऱ्या, पोहणाऱ्या, होडी घेऊन येणाऱ्या माणसासाठी मात्र रकाना नाही. दप्तराच्या लेखी तो घुसखोर, आणि बुडाला तर मयत. माझ्या मते पवनेचे घोडे इथेच अडले आहे. बाकीचे बरेचसे यातूनच आले.

ज्यांची जमीन गेली

काठावर तंबू लावणारा म्हणजे शहरातून आलेला कुणी धंदेवाला, असे चित्र मनात असेल तर ते अर्धेच खरे आहे. धरणासाठी बाराशेहून जास्त खातेदारांच्या जमिनी घेतल्या गेल्या. त्यातल्या थोड्यांना पर्यायी जमीन मिळाली. बहुतेकांचे पुनर्वसन पन्नास वर्षांनंतरही भिजत घोंगडेच राहिले. मोर्चे झाले, धरणावर आंदोलने झाली, बैठकांमागून बैठका झाल्या. धरणासाठी घेतलेली पण पाण्याखाली न गेलेली जमीन आम्हालाच परत द्या, ही प्रकल्पग्रस्तांची जुनी मागणी आहे. हीच ती जमीन, जिच्यावर आज काठाचा सगळा खेळ चालतो.

पाण्यावरून मावळात रक्तही सांडले आहे. धरणातून थेट निगडीपर्यंत बंद जलवाहिनी टाकायची पिंपरी-चिंचवड महापालिकेची योजना होती. नदीतून वाहणारे पाणी नळात गेले की वाटेतल्या शेतीचे काय, या भीतीने शेतकरी उठले. 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघे शेतकरी मारले गेले. ‘धरण आमच्या उरावर, पाणी शहराला’ ही भावना त्या दिवसानंतर मावळात कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

अशा गावातल्या पोराने काठावर दहा तंबू लावले, आईला आणि बहिणीला स्वयंपाकाला घेतले, रात्री शेगडीवर कोंबडी भाजून दिली, सकाळी पोहे-चहा दिला आणि माणशी हजार-बाराशे घेतले, तर त्याला अतिक्रमणवाला म्हणताना जीभ जरा अडखळावी. त्या हजारातलेही सगळे त्याला मिळत नाहीत. बुकिंग बहुधा शहरात बसलेला दलाल मोबाइलवरून करतो आणि आपला वाटा आधी कापून घेतो. दुसरीकडे त्याच काठाला उंच भिंतींचे बंगले आहेत. त्यांच्या मालकांनी जमिनी मूळ शेतकऱ्यांकडून, किंवा मधल्या दोन-तीन हातांतून, विकत घेतल्या. त्यांचे कुंपण पाण्यात उतरते तेव्हा त्यामागे कुणाचे पोट नसते. पाण्यापर्यंत हिरवळ हवी असते, इतकेच.

कारवाईची हाक उठते तेव्हा या दोघांना एकाच शब्दात मोजले जाते, आणि तंबू उपटणे भिंत पाडण्यापेक्षा फार सोपे असते.

2024 चे वर्ष

30 जून 2024, रविवार. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या हडपसर भागातून आलेले एक कुटुंब अडकले. ओढ्याला एकाएकी पाणी वाढले. एकमेकांना धरून मधोमध उभी असलेली माणसे वाहून जातानाची चित्रफीत देशभर फिरली. एक महिला आणि चार मुले, असे पाच जण गेले. लगेच प्रश्न उठला, जागा कुणाची? भुशी धरण रेल्वेचे. धबधबा वनखात्याच्या हद्दीत. गाव नगरपरिषदेचे. बंदोबस्त पोलिसांचा. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवावे अशी रचना आधीच तयार होती.

दोन-तीन दिवसांत पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या पर्यटनस्थळांवर जमावबंदीच्या धर्तीचे मनाई आदेश काढले. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली होती, त्यामुळे जुन्या कलम 144 ऐवजी कलम 163 खालचे हे आदेश राज्यातल्या अगदी पहिल्यांपैकी ठरले. खोल पाण्यात उतरू नये, धोक्याच्या जागी उभे राहून सेल्फी काढू नये, दारू पिऊ नये, मोठ्याने गाणी लावू नयेत, कचरा टाकू नये. मावळ, मुळशी, हवेली, जुन्नर, भोर, वेल्हे अशा तालुक्यांतली धरणे, धबधबे, गड त्यात आले. पवना परिसरही आला. धोक्याच्या जागा शोधून फलक लावा, जीवरक्षक नेमा, असेही यंत्रणांना सांगितले गेले. त्या आठवड्यात दुसरे काही करणे अवघड होते, हे मान्य करायला हवे.

पण कलम 163 हे तातडीचे हत्यार आहे. दंडाधिकाऱ्याचा आदेश दोन महिन्यांपलीकडे टिकत नाही. राज्य सरकारने वाढवला तरी त्याला सहा महिन्यांची मर्यादा आहे. जुन्या 144 खालचे आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणे हा अधिकाराचा गैरवापर ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीच्या प्रकरणात म्हटले होते. दर पावसाळ्यात येणारी गर्दी ही काही आणीबाणी नव्हे. आषाढात पाऊस पडणार आणि शनिवारी लोक धरणावर जाणार, हे पंचांगाइतके ठरलेले आहे. तरी दर वर्षी पहिल्या अपघातानंतरच आदेश निघतो, वरातीमागून घोडे यावे तसा.

आणि पवनेचा धोका पावसाळ्यापुरता नाहीच. तंबूंचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मे. डिसेंबर 2024 च्या पहिल्या आठवड्यात दुधिवरे भागातल्या एका बंगल्यावर मुक्कामाला आलेल्या मित्रांपैकी काही जण काठावरची नाव घेऊन पाण्यात गेले. नाव उलटली. पंचविशीतले दोघे बुडाले. तेव्हा कुठलाही मनाई आदेश लागू नव्हता, पाऊस नव्हता, पूर नव्हता. हिवाळ्यातले शांत पाणी होते, कुणाच्याही हाती लागेल अशी नाव होती आणि नाव कुणाच्या ताब्यात आहे हे पाहणारे कुणी नव्हते.

मावळात अशा वेळी सर्वांत आधी धावतात ती लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र आणि वन्यजीव रक्षक मावळ या संस्थांची मुले. दोर, गळ, तराफे घेऊन, आपापली कामे टाकून. सरकारी काठाची सर्वांत भरवशाची व्यवस्था ही अशी बिनपगारी आहे.

नाव कुणाच्या परवानगीने चालते

काठावरच्या नावा जवळून पाहिल्या तर त्यांचे तीन-चार प्रकार दिसतात. मच्छीमारांच्या होड्या, ज्या ठेक्याखाली चालतात. रबरी आणि फायबरच्या वल्ह्याच्या छोट्या नावा, ज्यांना सगळे सरसकट कयाक म्हणतात. प्लास्टिकची पिंपे बांधून केलेले तराफे, फोटो काढण्यासाठी. कुठे कुठे इंजिनाची बोट. नारिंगी जाकिटे बहुतेक ठिकाणी असतात, पण उन्हाने विटलेली. एखाद्याची चाप तुटलेली असते आणि तिच्या जागी सुतळी बांधलेली असते. लहान मुलाच्या मापाचे जाकीट मागून पाहावे.

कायदा आहे. 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा 1917 च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्याच्या जागी आला. इंजिनाच्या बोटीला तपासणीचा दाखला आणि नोंदणी लागते. महाराष्ट्रात हे काम सागरी मंडळाकडे. वल्ह्याच्या नावांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत व्हावी, अशी तरतूद त्यात आहे. म्हणजे ठाकूरसाईच्या काठावरच्या कयाकची वही ग्रामपंचायतीत असायला हवी. शिवाय 24 ऑगस्ट 2021 चे राज्याचे साहसी पर्यटन धोरण आहे. त्यानुसार पाण्यावरचे साहसी खेळ चालवणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंद करायची. जलाशयात उतरायचे तर जलसंपदा खात्याची परवानगी हवी ती वेगळीच.

चार दारे आणि चारही वेगवेगळ्या गावांत. दहा तंबूंचा मालक यातल्या एकाही दाराशी जात नाही, कारण सर्वांत मोठे दार, जलसंपदा खात्याचे, बंद आहे याची त्याला खात्री असते. ‘पिण्याचे पाणी आहे, परवानगी मिळणार नाही’ हे त्याने ऐकलेले असते. मग बाकीच्या तिघांकडे जाऊन आपले नाव कशाला लिहून द्यायचे? बंदीमुळे होडी थांबत नाही. ती बिननोंदीची होते, एवढाच फरक पडतो. मे 2024 मध्ये उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले, तेव्हाही हाच प्रश्न वर आला होता. तिथे तर मौजमजेचा विषयही नव्हता. करमाळ्याहून इंदापूरला जायची ती रोजची वाट होती.

अधिकारी दार का उघडत नाहीत

खात्याची बाजू समजून घेतली तर ती अगदीच पोकळ नाही. धरण सांभाळणाऱ्या अभियंत्याचे काम पाणी अडवणे आणि सोडणे. त्याच्याकडे माणसे कमी, आणि होती तीही वयाने निवृत्तीला टेकलेली. उद्या त्याने एक घाट बांधून ‘इथे उतरा’ असा फलक लावला आणि तिथे कुणी बुडाले, तर चौकशी त्याची. ‘येथे पोहण्यास सक्त मनाई आहे’ असा फलक लावला की जबाबदारी बुडणाऱ्याची. पत्र्याचा फलक स्वस्त पडतो आणि नोकरी वाचवतो. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर वेगळे वागलो असतो का, मला शंका आहे.

पिण्याच्या पाण्याचा मुद्दाही खरा आहे, पण तो उलट्या बाजूने लागू होतो. पाणी स्वच्छ राहावे म्हणून लोकांना मनाई आहे आणि लोक तर येतातच. फक्त त्यांच्यासाठी शौचालय नाही, कचरा उचलणारी गाडी नाही, सांडपाण्याची सोय नाही, कारण कागदोपत्री ते तिथे नाहीतच.

आणखी एक कारण आहे, जे सरकारी टिपणात लिहिले जात नाही. काठ मोकळा करायचा तर आधी हद्द मोजावी लागेल. हद्द मोजायला भूमिअभिलेखचे लोक साखळी घेऊन आले की पहिला प्रश्न प्रकल्पग्रस्त विचारणार: पाण्याखाली न गेलेली ही जमीन आमचीच होती ना, मग आमच्या पुनर्वसनाचे काय झाले? दुसरा प्रश्न बंगलेवाले विचारणार, आणि ते वकिलामार्फत विचारतील. न मोजलेली हद्द सगळ्यांना सोयीची आहे. तंबूवाल्याला, बंगलेवाल्याला, खात्याला. गैरसोय फक्त वाट शोधणाऱ्या माणसाची.

त्या माणसाच्या बाजूने न्यायालयाचे एक जुने आणि भक्कम मत आहे. हिमाचलात बियास नदीच्या काठी एका हॉटेलने नदीची जागा बळकावली आणि प्रवाह वळवला. 1996 मध्ये एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नद्या, काठ, जंगले अशा गोष्टी सरकारकडे विश्वस्त म्हणून असतात. जनतेच्या वापराची चीज सरकारने खासगी मालकीत जाऊ देता कामा नये. धरणाचा जलाशय माणसाने बनवलेला, त्यामुळे बियासचा न्याय पवनेला जसाच्या तसा लागू होतो असे कुणी ठामपणे म्हणू नये. पण सरकारी पैशाने, लोकांच्या जमिनी घेऊन, सार्वजनिक कारणासाठी बांधलेल्या जलाशयाला विश्वस्ताची भाषा लागू नसेल तर ती लागू तरी कशाला होणार?

दुसरीकडे काय केले

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर नगरपालिका बोट क्लब चालवते. दरफलक, रांग, जाकीट. गर्दीत वैताग येतो, पण पाण्यात कोण आहे हे कुणाला तरी ठाऊक असते. तलाव लहान आणि मालक एकच, म्हणून ते जमते.

पवनेच्या जास्त जवळचे उदाहरण कोयनेचे. तिथल्या शिवसागर जलाशयात सुरक्षेच्या कारणाने वर्षानुवर्षे नौकाविहाराला बंदी होती. ती अट सैल करून जावळी तालुक्यातल्या मुनावळे येथे मार्च 2024 मध्ये सरकारने स्वतःच जलपर्यटन केंद्र सुरू केले, पर्यटन महामंडळामार्फत. राज्याच्या वीजनिर्मितीचा कणा असलेल्या जलाशयात सरकार रीतसर बोटी सोडू शकते, तर ‘धरण आहे म्हणून अशक्य’ हे उत्तर पवनेला पुरत नाही. मुनावळ्याच्या पद्धतीत एक खोट मात्र आहे: काठ उघडतो तो तिकीट काढून खेळ खेळणाऱ्यासाठी. नुसते बसणाऱ्याचा रकाना तिथेही रिकामाच.

तो रकाना भरायचा एक साधा मार्ग अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात आहे. 2008 नंतरच्या मंदीत तिथल्या राज्य उद्यानांचा सरकारी निधी आटला, तेव्हा जुलै 2011 पासून गाडीमागे पास लावला गेला. सुरुवातीचा दर दिवसाला 10 डॉलर, वर्षाला 30 असा होता. उद्याने एका खात्याची, जंगलजमिनी दुसऱ्याच्या, मासेमारी आणि बोटी उतरवायच्या जागा तिसऱ्याच्या. पण पास एकच, आणि पैसे तिन्ही खात्यांत ठरलेल्या वाट्याने जातात. आमच्याच जमिनीवर जायला पैसे का, म्हणून तिथेही लोक चिडले. परंतु पास गाडीला आहे. चालत किंवा सायकलवर येणाऱ्याला तो लागतच नाही. सिएटलकडे राहणाऱ्या मराठी घरांतल्या गाड्यांच्या आरशाला तो लटकलेला असतो, आणि त्याच घरचे लोक डिसेंबरात मावळात आले की फाटकावर ऑनलाइन पैसे भरून आत जातात.

पवनेला काय जमेल

सगळे तंबू हटवा, ही मागणी मला पटत नाही. हटवले तरी पुढच्या हंगामात ते परत येतील, फक्त हप्ता देऊन येतील. त्यापेक्षा गाळपेराची जुनी पद्धत तंबूंना लावता येईल. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी जमीन, पीक काढायला देतात तशीच, एका हंगामापुरती मुक्कामाच्या धंद्यासाठी द्यायची. आधी ज्यांचे पुनर्वसन राहिले त्या खातेदारांच्या घरांना. भाडे थोडे, अटी कडक: शौचालय पाण्यापासून लांब, रात्री आवाज बंद, नाव असेल तर ग्रामपंचायतीच्या वहीत नोंद आणि कुलपात, आणि पाण्याच्या कडेने बैलगाडी जाईल एवढा रस्ता कायम मोकळा. कुंपण त्या रस्त्याच्या वरच थांबले पाहिजे. यात पुनर्वसनाचा मूळ प्रश्न सुटत नाही, आणि तो सुटला असे सरकारने भासवूही नये. पण निदान काठाचे पैसे ज्यांची जमीन गेली त्यांच्याकडे, पावतीसह जातील.

बंगल्यांच्या बाबतीत मात्र मोजणीला पर्याय नाही. आणि मोजणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत व्हावी. तक्रार आली तिथेच मोजायचे ठरवले की ज्याचा वकील बरा त्याच्याकडे साखळी वळते.

उरले सार्वजनिक घाट. जिथे गाडी उभी करता येईल, पैसे न देता पाण्याशी बसता येईल, स्वतःची नाव घेऊन येणाऱ्याला ती नोंदवून उतरवता येईल, अशा दोन-तीन जागा पुरेत. एक पवनानगरच्या बाजूला, एक दुधिवरे खिंडीतून उतरल्यावर. पोहायचा टप्पा दोराने आखलेला आणि शनिवार-रविवारी पगारी जीवरक्षक. शिवदुर्गसारख्या संस्थांची मुले हे काम आजही करतातच, त्यांना मानधन मिळेल. खर्चाला गाडीतळाचे पैसे.

यात तांत्रिक अडचण आहे ती पाण्याच्या चढउताराची. नेहमीचा दगडी घाट ऑक्टोबरात शोभून दिसेल आणि मार्चमध्ये त्याच्या शेवटच्या पायरीपासून पाण्यापर्यंत चिखल असेल. त्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतणारी मुले बुडणाऱ्यांच्या यादीत येत नाहीत, पण अपघाताची सुरुवात तिथूनच होते. म्हणून घाट जमिनीच्या उताराबरोबर लांब नेलेला, काँक्रीटचा आणि खरबरीत हवा, आणि पुढे पाण्याबरोबर सरकणारा तरंगता धक्का. असा धक्का दर पंधरा-वीस दिवसांनी ओढून पुढे न्यावा लागतो. बांधकामाला निधी एकदा मिळेल, उद्घाटनही होईल. धक्का ओढायला माणूस कुठल्या खात्याच्या हजेरीपटावर असेल, हे मात्र आधी लिहून घ्यावे लागेल.